फोन ठेवला, पण लाइन सुटेना!

ठाण्याहून कशेळी, काल्हेर ही गावे मागे टाकून भिवंडीकडे जाऊ लागले की वाटेत पूर्णा गाव लागते. भिवंडी म्हटले की यंत्रमागांची खडखड आठवते. परंतु भिवंडीच्या या बाजूला आज गोदामांचा पसारा यंत्रमागांइतकाच प्रसिद्ध आहे. एकेका आवारात ओळीने गाळे, गाळ्यांपुढे मालमोटारींच्या रांगा, आणि प्रत्येक फाटकावर पहारेकऱ्याची चौकी. चौकीत, कचेरीत, वजनकाट्यावर आणि गाळ्यागाळ्यांत फोन असतात. हे सारे फोन एका लहानशा यंत्राला जोडलेले असतात. त्याला सर्वजण ईपीएबीएक्स म्हणतात. गोदामाचे ते स्वतःचे छोटे एक्स्चेंजच होय.

अशाच एका गोदामाची आपण कल्पना करू. तेथे ईपीएबीएक्सला बाहेरच्या चार लाइनी आहेत. पूर्वी त्या एक्स्चेंजकडून तांब्याच्या तारांवरून येत. पुढे तारा गेल्या आणि काचतंतूची केबल, म्हणजे फायबर आले. ईपीएबीएक्स मात्र जुनाच राहिला. त्याला फायबरची अंकीय भाषा कळत नाही म्हणून मध्ये दुभाष्या बसवला, तो म्हणजे व्हॉइस गेटवे. गेटवेच्या चार खाचांतून चार वायरी निघाल्या आणि ईपीएबीएक्सच्या चार खाचांत गेल्या. दिवसभर सारे सुरळीत चालले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चारही लाइनींचे तांबडे दिवे लागलेले! बाहेर फोन लागेना, बाहेरचा फोन आत येईना. फाटकावर गाड्या खोळंबल्या. पहारेकरी शपथेवर सांगू लागला, "साहेब, रात्री कोणी फोनला हातसुद्धा लावला नाही." त्याचे म्हणणे खरे होते. ईपीएबीएक्स नवा नव्हता, पण बिघडलेलाही नव्हता. गेटवे तर कोरा होता. मग चार लाइनी रात्रभर कोणी अडवून ठेवल्या? हे कोडे सोडवण्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. ओहमचा नियम, एक साधा फोन आणि सेकंदकाट्याचे घड्याळ एवढे पुरे.

ट्रंक म्हणजे खोड

जुन्या माणसांना 'ट्रंक कॉल' हा शब्द परिचयाचा आहे. ट्रंक म्हणजे झाडाचे खोड. फांद्या पुष्कळ, खोड एक. गोदामात फोन तीस असले, तरी ते सर्व एकाच वेळी बाहेर बोलत नाहीत. म्हणून चार समाईक लाइनी पुरतात. ईपीएबीएक्स आणि बाहेरचे जग यांना जोडणाऱ्या या समाईक लाइनींना ट्रंक म्हणतात. ज्या ट्रंकमधून आवाज अंकांच्या रूपाने न जाता विद्युत्प्रवाहाच्या चढउताराच्या रूपाने जातो, ती ॲनालॉग ट्रंक होय.

अशी ट्रंक म्हणजे केवळ दोन तारा. पण या दोन तारांवर दोन वेगवेगळी कामे चालतात. एक काम बोलणे पोचवण्याचे. दुसरे काम निरोप पोचवण्याचे: "फोन उचलला", "घंटी वाजव", "हा नंबर लाव", "बोलणे संपले". आपल्या कोड्याचे उत्तर या दुसऱ्या कामात, त्यातही शेवटच्या निरोपात दडलेले आहे.

दोन तारांची भाषा

नेहमीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सुमारे ४८ व्होल्टची बॅटरी असते. २ व्होल्टचे एक असे शिशाचे २४ घट एकापुढे एक जोडले की ४८ व्होल्ट होतात. या बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडतात, त्यामुळे लाइनची तार जमिनीच्या मानाने ऋण राहते. यामागे रसायनशास्त्र आहे. ओलसर जमिनीत तार धन असेल तर तांबे विरघळू लागते. ऋण असेल तर ते वाचते. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात या युक्तीचे मोल सहज ध्यानात येईल.

फोन खाली ठेवलेला असताना मंडल (परिपथ) तुटलेले असते. प्रवाह शून्य, आणि तारांवर पूर्ण ४८ व्होल्ट. फोन उचलताच आतली कळ मिटते आणि प्रवाह वाहू लागतो. तो किती? उदाहरण घेऊ. एक्स्चेंजमधील रोध ४०० ओहम, अर्धा मिलिमीटर व्यासाच्या तांब्याच्या जोडीचा रोध ४ किलोमीटर अंतरासाठी सुमारे ७०० ओहम, आणि फोनचा रोध २०० ओहम धरा. एकूण १३०० ओहम. ओहमच्या नियमाप्रमाणे प्रवाह ४८ ÷ १३०० = ०.०३७ अँपिअर, म्हणजे ३७ मिलिअँपिअर. फोनच्या दोन टोकांवर उरणारा दाब ०.०३७ × २०० = सुमारे ७.४ व्होल्ट.

म्हणजे साधा मीटर लावला तरी लाइनची अवस्था कळते. ४८ च्या आसपास दाब असेल तर लाइन मोकळी. ६ ते १० व्होल्ट असेल तर कोणीतरी ती धरून ठेवली आहे. शून्य असेल तर तार तुटली, दोन तारा एकमेकींना चिकटल्या किंवा दाब देणारेच बंद पडले. आकडे यंत्रागणिक थोडे बदलतात. एकाच खोलीत असणारे अनेक गेटवे प्रवाह २० मिलिअँपिअरच्या आसपास रोखून धरतात. तत्त्व मात्र तेच.

यावरून आणखी एक गोष्ट स्पष्ट होईल. प्रत्येक लाइनच्या एका टोकाला दाब देणारा आणि दुसऱ्या टोकाला कळ मिटणारा असलाच पाहिजे. गेटवेच्या ज्या खाचा एक्स्चेंजसारखा दाब व घंटी देतात त्यांना एफएक्सएस म्हणतात. ज्या खाचा फोनसारख्या वागून प्रवाह घेतात त्यांना एफएक्सओ म्हणतात. ईपीएबीएक्सची ट्रंकची खाच फोनसारखी वागते. म्हणून तिच्यासमोर एफएक्सएसच हवी. फोनसारख्या दोन खाचा समोरासमोर जोडल्या तर दोघीही दाबाची वाट पाहत बसतात. दाब देणाऱ्या दोन खाचा जोडल्या तर उचलणारे कोणीच उरत नाही. गेटवे नवीनच बसवला आणि लाइन अगदी मृत असली, तर हे सर्वांत आधी पाहावे. आपल्या गोदामात ही चूक नव्हती. दिवसा फोन लागतच होते.

"बोलणे संपले" हे कोणी सांगायचे?

भारतात १८८२ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाली. त्या काळी जोडणी हाताने होई. पुढे एक्स्चेंजमध्ये सामाईक बॅटरी आली, तेव्हा ऑपरेटरपुढच्या फळ्यावर प्रत्येक जोडणीसाठी इवलासा दिवा असे. बोलणाऱ्याने फोन ठेवला की प्रवाह थांबे, दिवा लागे, आणि ऑपरेटर दोरी उपसून लाइन मोकळी करी. स्वयंचलित यंत्रे आली, ऑपरेटर गेला. पण त्या दिव्याचे काम कोणी तरी करायलाच हवे.

यातली मेख पाहा. ज्याच्या हाती कळ आहे, तो फोन ठेवतो तेव्हा प्रवाह थांबतो आणि दाब देणाऱ्याला ते तत्काळ कळते. पण उलट दिशेने काय? दूरच्या माणसाने फोन आधी ठेवला, तर ते कळवण्यासाठी दाब देणाऱ्याजवळ कळ नाही. म्हणून त्याने तीन युक्त्या योजल्या आहेत.

पहिली: दाब क्षणभर पूर्ण तोडायचा, सुमारे अर्धा सेकंद. समोरच्या यंत्राला प्रवाह खंडित झाल्याचे दिसते आणि ते लाइन सोडते.

दुसरी: दोन तारांचे धन-ऋण ध्रुव उलटे करायचे. संभाषण सुरू होताना एकदा आणि संपताना पुन्हा पूर्ववत. पिवळ्या पाट्यांच्या एसटीडी-पीसीओच्या काळात संभाषण केव्हा सुरू झाले हे मीटरला कळावे म्हणून या युक्तीचा उपयोग होत असे.

तिसरी: 'बिझी टोन' ऐकवायचा. माणूस तो ऐकतो, समजतो आणि फोन ठेवतो. भारतात या टोनची कंप्रता, म्हणजे दर सेकंदास होणारी आवर्तने, ४०० हर्ट्झ आहे. पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता, असा त्याचा ताल. अमेरिकेत मात्र ४८० व ६२० हर्ट्झचे दोन स्वर एकत्र वाजतात आणि ताल अर्धा सेकंद आवाज, अर्धा सेकंद शांतता असा असतो. आपण अमेरिकेत गेलो तर तो टोन थोडा वेगळा वाटेल, पण अर्थ लगेच कळेल. यंत्राला मात्र जे शिकवले तेवढेच कळते.

त्या रात्री काय घडले?

आता धागेदोरे जुळवू. गोदाम बंद झाल्यावर बाहेरून येणारा फोन व्यवस्थापकाच्या घरी वळवावा, अशी सूचना ईपीएबीएक्सला दिलेली होती. रात्री एका चालकाने फोन केला. तो गेटवेतून पहिल्या ट्रंकवर आला. ईपीएबीएक्सने तो उचलला, दुसरी ट्रंक धरली, तिच्यावरून व्यवस्थापकाचा नंबर लावला आणि दोन्ही ट्रंका एकमेकींना जोडून दिल्या. बोलणे झाले. चालकाने फोन ठेवला, व्यवस्थापकानेही ठेवला.

गेटवेने आपले कर्तव्य केले: पहिल्या ट्रंकवर बिझी टोन सोडला, दुसऱ्यावरही सोडला. ईपीएबीएक्सनेही आपले कर्तव्य केले: पहिल्या ट्रंकचा आवाज दुसऱ्या ट्रंकला आणि दुसऱ्याचा पहिल्याला पोचवत राहिला! रिकाम्या कचेरीत दोन बिझी टोन एकमेकांना आपली वार्ता सांगत बसले. ऐकणारा माणूस कोणीच नव्हता. काही वेळाने गेटवेने टोन थांबवला तरी ईपीएबीएक्सच्या कळा मिटलेल्याच राहिल्या. एका फोनने दोन लाइनी गिळल्या. आणखी एक फोन आला आणि चारही अडकल्या.

दिवसा हा दोष का दिसला नाही? कारण दिवसा एका टोकाला गोदामातला माणूस होता. त्याने फोन ठेवला की ईपीएबीएक्स लाइन सोडत होता. आणि तांब्याच्या जुन्या लाइनींवर हा दोष रात्रीही का नव्हता? कारण एक्स्चेंज ४०० हर्ट्झचा भारतीय टोन देत होते आणि ईपीएबीएक्स तोच ओळखत होता. नवा गेटवे मात्र अमेरिकी मांडणीवरच ठेवला गेला होता. ईपीएबीएक्सच्या दृष्टीने तो बिझी टोन नव्हता; कोणीतरी काहीतरी वाजवत होते, इतकेच!

दोष शोधण्याची रीत

हे सारे आपण कथेच्या रूपाने सांगितले. प्रत्यक्षात कारागिराला ते पायरीपायरीने शोधावे लागते. दोन यंत्रे जोडलेली असताना दोष कोणाचा, असा वाद घालू नये. त्यांना अलग करावे आणि प्रत्येकासमोर खात्रीचा जोडीदार ठेवावा.

पायरी १. गेटवेची वायर ईपीएबीएक्समधून काढून तिला साधा फोन लावा. डायल टोन येतो का? ठेवलेल्या व उचललेल्या स्थितीत मीटर काय दाखवतो? दोन्ही ठीक असेल तर गेटवे आणि वायर जिवंत आहेत.

पायरी २. बाहेरून त्या लाइनवर फोन करवून घ्या, तो उचला, आणि दूरच्या माणसाला आधी फोन ठेवायला सांगा. आपण ठेवू नका. कानाशी धरून मोजा. १५ सेकंदांत टोन १० वेळा वाजला तर एक आवर्तन दीड सेकंदाचे, म्हणजे ताल भारतीय. १५ वेळा वाजला तर आवर्तन एक सेकंदाचे. आपल्या गोदामात मोजणी १५ भरते आणि कोडे येथेच निम्मे सुटते.

पायरी ३. त्याच वेळी दाब क्षणभर तुटतो का किंवा ध्रुव उलटतात का, हे पाहा. साधा अंकीय मीटर सेकंदाला दोनतीनदाच आकडा बदलतो. अर्ध्या सेकंदाचा खंड त्याच्या नजरेतून निसटू शकतो. त्यापेक्षा तांबडा-हिरवा दिवा असलेला लाइन टेस्टर बरा. दिवा विझला किंवा रंग बदलला की लगेच दिसते.

पायरी ४. आता ईपीएबीएक्सच्या ट्रंकला शेजारच्या गाळ्यातील खात्रीची तांब्याची लाइन लावून तीच चाचणी घ्या. येथे लाइन आपोआप सुटली, तर ईपीएबीएक्सही निर्दोष आहे.

दोघेही निर्दोष आणि तरी जोडणी सदोष! अशा वेळी बिघाड यंत्रांत नसून त्यांच्यातील करारात असतो, आणि यंत्र बदलून तो जात नाही.

उपाय आणि त्याची मर्यादा

उपाय दोन. गेटवेत देश 'भारत' निवडून टोन ४०० हर्ट्झचा व पाऊण सेकंदाच्या तालाचा करणे. आणि बोलणे संपताच दाब तोडण्याची सोय सुरू करून ईपीएबीएक्सलाही ती खूण ओळखायला सांगणे. यांपैकी दुसरा उपाय अधिक भरवशाचा, कारण आवाजात गफलत होऊ शकते, प्रवाह थांबण्यात सहसा होत नाही. मात्र दोन्हीकडचे आकडे जुळले पाहिजेत. गेटवे पाव सेकंद दाब तोडतो आणि ईपीएबीएक्स अर्ध्या सेकंदाची वाट पाहतो, असे असेल तर निरोप जाऊनही पोचत नाही.

मग ईपीएबीएक्सला अत्यंत तल्लख करून टाकावे काय? तसे केले तर उलटा दोष निर्माण होतो. तारेतील किंचित खंड, एखादी शिट्टी किंवा संगीतातील ४०० हर्ट्झचा स्वर यांनाच तो निरोप समजेल आणि चालू बोलणे मध्येच तोडील. म्हणून टोनची एकदोन नव्हे, तर चार आवर्तने जुळल्यावरच लाइन सोडावी असे ठरवतात. चार आवर्तनांना ४ × १.५ = ६ सेकंद लागतात. खरा इशारा निसटू नये आणि खोट्याला फसू नये, ही ओढाताण धूर ओळखणाऱ्या यंत्रापासून भूकंपाच्या इशाऱ्यापर्यंत सर्वत्र असते. शेवटचा आधार म्हणून, ट्रंकला ट्रंक जोडलेला फोन ठरावीक मिनिटांनंतर आपोआप तुटावा अशी मर्यादाही घालतात.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. तीन बदल एकदम केले आणि दोष गेला, तर कशाने गेला हे कळत नाही. आणि तो परत आला की शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

एक गोष्ट मात्र कोणत्याही मांडणीने सुटत नाही. तांब्याच्या लाइनला प्रवाह एक्स्चेंजच्या बॅटरीतून मिळत असे, त्यामुळे गोदामातली वीज गेली तरी त्या लाइनवर थेट जोडलेला साधा फोन जिवंत राही. गेटवेला वीज गोदामातूनच लागते. कापड, पुठ्ठा आणि प्लास्टिक भरलेल्या गोदामात आग लागली की पुष्कळदा वीजच आधी बंद केली जाते. नेमक्या त्याच वेळी चौकीतून १०१ किंवा ११२ लावायचा असतो. म्हणून गेटवे, ईपीएबीएक्स आणि फायबरची पेटी या तिघांनाही बॅटरीचा आधार द्यावा, आणि एखादा स्वतंत्र फोन चौकीत ठेवावा. अडकलेली लाइन ही गैरसोय खरी. पण ज्या रात्री मदत मागायची असेल त्या रात्री ती संकट ठरते.

करून पाहा

साहित्य: दोन पेन्सिल सेल (एकूण ३ व्होल्ट), तांबडा व हिरवा असे दोन एलईडी, १०० ओहमचा रोधक, कळ आणि दोन लांब वायरी.

दोन्ही एलईडी उलटसुलट, म्हणजे एकाचे धन टोक दुसऱ्याच्या ऋण टोकाला येईल असे समांतर जोडा. त्यांच्यासह रोधक व कळ एका मित्राजवळ द्या. सेल आपल्याजवळ ठेवा. मित्राने कळ मिटली की एक एलईडी लागतो: फोन उचलला. आता मित्राने कळ तशीच मिटून ठेवावी. "बोलणे संपले" हे न बोलता त्याला कसे कळवाल? सेल क्षणभर काढून पाहा. नंतर सेल उलटे लावून पाहा. वर सांगितलेल्या पहिल्या दोन युक्त्या तुमच्या हाती आल्या!

सावधान: हा प्रयोग खऱ्या टेलिफोन लाइनवर करू नका. घंटी वाजते तेव्हा तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब असतो आणि त्याचा झटका बसतो. विजा चमकत असताना तर टेलिफोनच्या तारांना हातच लावू नये.

विचार करा

१. वरील उदाहरणात लाइन ४ ऐवजी ८ किलोमीटर लांब असेल, तर प्रवाह किती होईल?

२. ईपीएबीएक्स तीन आवर्तने जुळल्यावर लाइन सोडत असेल, तर भारतीय टोनसाठी किती सेकंद लागतील? आवर्तनांची संख्या कमी केल्यास कोणता धोका वाढेल?

३. सकाळी चारपैकी दोनच लाइनींचे दिवे लागलेले आढळले. रात्री वळवलेले किती फोन अडकले असावेत? तुमचा तर्क खरा की खोटा हे कसे तपासाल?